शिंकेवर निघणारी टोळी

वसईतल्या आमच्या नंदाखालला कुणी घराबाहेर पडताना दुसरा शिंकला, की निघणारा उंबऱ्यातच थबकायचा. दोन घोट पाणी प्यायचं, क्षणभर टेकायचं, मग निघायचं. घरात क्रूस असो वा तुळस, शिंकेचा धाक सगळ्यांना सारखाच. म्हणूनच 2017 साली प्रसिद्ध झालेलं बोट्स्वानातलं एक संशोधन वाचलं, तेव्हा ते मनात घर करून राहिलं. तिथले रानकुत्रे शिंक ऐकून थांबत नाहीत, शिंक ऐकून निघतात.

ओकावांगो ही नदी समुद्राला मिळत नाही, कोरड्या प्रदेशात शिरून पसरत जाते. तिच्या त्या पाणथळ पसाऱ्यात आफ्रिकी रानकुत्र्यांच्या टोळ्या राहतात. दुपारची झोप झाली की टोळीतला एखादा उठतो, इतरांना हुंगतो, चाटतो, आणि बघता बघता सगळी टोळी एकमेकांभोवती नाचू लागते. अशा मेळाव्यानंतर कधी टोळी शिकारीला निघते, तर कधी पुन्हा आडवी होते. अभ्यासकांनी असे 68 मेळावे पाहिले आणि शिंका मोजल्या. जितक्या शिंका जास्त, तितकी टोळी निघण्याची शक्यता जास्त. मेळावा टोळीच्या म्होरक्यानं सुरू केला असेल तर तीनेक शिंका पुरतात. खालच्या पायरीवरच्या कुत्र्यानं सुरू केला असेल तर दहाएक लागतात. पण तेवढ्या झाल्या की त्याच्या म्हणण्यावरही टोळी उठते.

एकमेकांचं मत विचारात घेऊन निघणारा हा प्राणी आज जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या मांसभक्षकांपैकी एक आहे. त्याला वाचवण्यासाठी देणगीवर चालणाऱ्या संस्था आफ्रिकेत तीसेक वर्षं झटत आहेत. त्यांचं काम समजून घेताना मला सारखा आपल्याकडचा रानकुत्रा, कोळसुंदा, आठवत राहिला.

वाटून खाणारा शिकारी

आफ्रिकी रानकुत्र्याचं शास्त्रीय नाव लायकाऑन पिक्टस. त्याचा अर्थ रंगवलेला लांडगा. काळे, पिवळे, पांढरे, तपकिरी डाग अंगभर कुणी हातानं फासावेत तसे दिसतात. एका कुत्र्याचे डाग दुसऱ्यासारखे नसतात, त्यामुळे अभ्यासक प्रत्येकाला फोटोवरून ओळखतात. कान मोठे आणि गोल. घरच्या कुत्र्याच्या पुढच्या पायाला आतल्या बाजूनं एक वरचं पाचवं बोट असतं, ते याला नसतं. आपल्या कुत्र्याशी त्याचं नातं दूरचं आहे, इतकं की दोघांचा संकर होत नाही.

टोळीत बहुधा एकाच जोडीला पिल्लं होतात, पण एका विणीत दहा-दहा. त्यांना वाढवणं हे सगळ्या टोळीचं काम असतं. शिकारीला गेलेले कुत्रे मांस गिळून येतात आणि बिळाशी परतल्यावर ते ओकून पिल्लांना, आईला आणि राखणीला मागे थांबलेल्या कुत्र्यालाही भरवतात. पिल्लं मोठी होऊन शिकारीमागे धावू लागली की शिकारीवर पहिला हक्क त्यांचा. मोठे बाजूला उभे राहून वाट पाहतात. जखमी वा लंगड्या सोबत्यालाही टोळी खाऊ घालते.

हाच त्याचा गुण आणि हीच त्याची नाजूक जागा. शिकार करायला चार जण हवेत, राखणीला एक हवा, पिल्लांना भरवायला आणखी काही. टोळी लहान झाली की हे गणित कोलमडतं. राखणीला कुणी ठेवलं तर शिकारीला हात कमी पडतात, सगळेच गेले तर पिल्लं उघड्यावर पडतात. म्हणून एक मोठा कुत्रा मेला म्हणजे एकच कमी झाला असं होत नाही. त्याच्या मागे त्या वर्षीची सगळी वीण जाऊ शकते.

एका टोळीला शेकडो चौरस किलोमीटर रान लागतं. आमच्या वसईचं तुंगारेश्वर अभयारण्य सुमारे 85 चौरस किलोमीटरचं. पाचशे चौरस किलोमीटर फिरणाऱ्या एका टोळीला अशी जवळजवळ सहा तुंगारेश्वरं हवीत. एवढं सलग रान आता आफ्रिकेतही थोड्याच ठिकाणी उरलं आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या 2012 च्या अंदाजानुसार संपूर्ण खंडात साधारण 6,600 मोठे कुत्रे उरले होते, तेही 39 तुटक तुटक गटांत. त्यांतले प्रत्यक्ष वीण पुढे चालवणारे 1,400च्या आसपास.

तार, आजार, रस्ता

रानकुत्र्यांना मारणारं एक मोठं हत्यार म्हणजे तार. गरीब माणूस हरणासाठी झुडपात तारेची फासकी लावतो. ती तार कधी कुंपणाची असते, कधी टेलिफोनची. हरणाच्या माने-पायासाठी लावलेल्या फासात धावता रानकुत्रा सापडतो. सुटायला धडपडावं तसा फास घट्ट होतो. तार तोडून पळाला तरी ती गळ्यात रुतून राहते आणि जखम चिघळत जाते. फासकी लावणाऱ्याला रानकुत्रा नको असतो, तरी तोच मरतो.

दुसरा शत्रू आपल्या अंगणातून जातो. रेबीज आणि डिस्टेंपर हे आजार गावातल्या कुत्र्यांत असतात. गावठी कुत्रा रानाच्या कडेला मेलेलं जनावर खातो, तिथेच रानकुत्राही येतो. हे प्राणी एकमेकांना इतकं चाटतात, एकमेकांच्या तोंडचं खातात, की एकाला झालेला आजार थोड्याच दिवसांत सगळ्यांना होतो. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या मैदानात अभ्यासाखाली असलेल्या टोळ्या 1991च्या सुमारास नाहीशाच झाल्या. त्याआधी तिथे रेबीजची नोंद झाली होती. 1994 मध्ये तिथल्या सिंहांत डिस्टेंपर शिरला आणि त्यांतले जवळपास एक तृतीयांश गेले. हे दूरचं वाटत असेल तर गुजरातचं गीर आठवावं. 2018च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे 23 सिंह मेले. त्यांतल्या काहींत डिस्टेंपरचाच विषाणू सापडला आणि परदेशातून तातडीनं लस मागवावी लागली.

तिसरा शत्रू रस्ता. लांब अंतर धावणाऱ्या प्राण्याला डांबरी रस्ता ही सोयीची वाट वाटते, आणि रात्री त्याच वाटेवर ट्रक येतो.

देणगीचा पैसा कुठे जातो

झिम्बाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाला लागून पेंटेड डॉग कन्झर्व्हेशन ही संस्था काम करते. ग्रेग रासमुसेन यांनी 1992 मध्ये सुरू केलेल्या कामातून ती उभी राहिली आणि जगभरच्या लहानमोठ्या देणग्यांवर चालते. तिची माणसं रोज रान पायी तुडवत फासक्या शोधून काढतात. हे काम करणारे त्याच परिसरातल्या गावांतले आहेत. जमवलेली तार फेकून दिली जात नाही. गावातले कारागीर तिच्यातून कुत्र्यांच्या, हरणांच्या आकृती वळतात आणि त्या विकून घर चालवतात. ज्या तारेनं जनावर मेलं असतं, त्याच तारेचे चार पैसे त्याच गावात येतात. काही कुत्र्यांच्या गळ्यात जाड पट्टे घातले जातात. त्यांना लावलेल्या धातूच्या खुंट्यांमुळे तारेचा फास गळ्याला आवळत नाही. जखमी कुत्र्यांसाठी उपचाराची जागा आहे. आजूबाजूच्या शाळांतल्या मुलांना काही दिवस मोफत रानात राहायला बोलावलं जातं. कुत्रा हा पोरांच्या लेखी कोंबडीचोर न राहता नावानं ओळखीचा होतो.

मोझांबिकच्या गोरोंगोझा राष्ट्रीय उद्यानाची गोष्ट वेगळी. 1977 ते 1992 च्या यादवी युद्धात तिथली जनावरं सैनिकांनी आणि भुकेल्या माणसांनी खाऊन संपवली. रानकुत्रे उरलेच नाहीत. अमेरिकी दानशूर ग्रेग कार यांच्या संस्थेनं 2008 मध्ये तिथल्या सरकारशी वीस वर्षांचा करार केला. आधी गवताळ रान सावरलं, हरणं वाढली, आणि मग 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून 14 रानकुत्रे आणले. तीन-चार वर्षांत त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. ही संस्था आसपासच्या गावांत शाळा, आरोग्य आणि शेतीवरही खर्च करते. रानाकडेची बाई उपाशी असेल तर रान टिकणार नाही, हे तिथे गृहीत धरलेलं आहे.

दक्षिण आफ्रिकेतली एन्डेंजर्ड वाइल्डलाइफ ट्रस्ट ही संस्था आणखी नेटानं काम करते. तिथली बरीच अभयारण्यं कुंपणानं बंद आणि लहान. एकाच कुंपणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलं तर नात्यातच वीण होते. म्हणून ही माणसं एका ठिकाणचे नर आणि दुसऱ्या ठिकाणच्या माद्या एकत्र आणतात. अनोळखी कुत्रे एकमेकांना सहज स्वीकारत नाहीत. त्यावर काढलेला तोडगा ऐकून मी थक्क झालो. गुंगीचं औषध दिलेल्या कुत्र्यांना शेजारी शेजारी झोपवून त्यांची अंगं एकमेकांवर घासतात. जागे झाले की सगळ्यांच्या अंगाला एकच वास येतो, आणि त्या वासावर नव्या टोळीचा विश्वास बसतो. गुंगीचं औषध, विमान, पशुवैद्य, कुंपणाची दुरुस्ती यांचा खर्च मोठा असतो, आणि त्यातला बराचसा देणग्यांतून येतो.

आपला कोळसुंदा

आता घराकडे वळू. महाराष्ट्राच्या रानात असाच टोळीनं राहणारा, असाच पिल्लांना ओकून भरवणारा, असाच संकटात सापडलेला एक रानकुत्रा आहे. विदर्भात त्याला रानकुत्रा म्हणतात, सह्याद्रीत कोळसुंदा किंवा कोळसून. दख्खनच्या प्राण्यांची नोंद करणारे कर्नल साइक्स यांनी 1831 मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा मराठ्यांच्या तोंडचं कोळसून हे नावही लिहून ठेवलं. शास्त्रीय नाव क्युऑन अल्पायनस. तांबूस अंग, काळी झुबकेदार शेपटी, वजन बारा ते वीस किलो. घरच्या कुत्र्यापेक्षा खालच्या जबड्यात दोन दाढा कमी. तो भुंकत नाही, शीळ घालतो. दाट झाडीत पांगलेली टोळी या शिळेवर पुन्हा जमते.

दिसायला आफ्रिकी भावापेक्षा वेगळा, वंशही वेगळा, तरी नशीब तेच. 2015च्या अंदाजानुसार जगात पूर्ण वाढ झालेले कोळसुंदे 949 ते 2,215 एवढेच. पूर्वीच्या मुलखापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक मुलूख त्यानं गमावला आहे. म्हणजे आफ्रिकेतल्या रंगीत रानकुत्र्यासाठी हळहळताना आपल्या घरचा भाऊ जवळजवळ तितक्याच थोड्या संख्येनं जगतो आहे, आणि त्याची चर्चा वाघाच्या दहाव्या हिश्शानंही होत नाही.

याला जुना तिरस्कार कारण आहे. कोळसुंदे शिकार मरण्याआधीच खायला लागतात. पाहणाऱ्याला ते क्रूर वाटतं. पण लहान तोंडाच्या, टोळीनं राहणाऱ्या प्राण्याला वाघासारखी नरडीची पकड साधत नाही, आणि वाघ-बिबट्या येण्याआधी त्याला शिकार खाऊन संपवायची असते. गावोगावी त्याच्याबद्दल दंतकथा आहेत. तो झुडपांवर मुततो आणि त्यानं वाघ आंधळा होतो, ही त्यांतली एक. किपलिंगच्या 1895 मधल्या मोगलीच्या गोष्टीत दख्खनहून येणारी तांबडी कुत्री हे अख्ख्या रानाचं संकट आहे. शिकारी साहेबांना तो हरणं संपवणारा चोर वाटे. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत त्याला मारणाऱ्याला बक्षीस मिळत असे.

हा तिरस्कार निवळायला अभ्यास कामी आला. ए. जे. टी. जॉनसिंग यांनी 1976 ते 1978 या काळात कर्नाटकातल्या बांदीपूरच्या रानात पायी फिरून कोळसुंद्यांचा माग काढला. तिथे त्यांचं मुख्य अन्न चितळ असल्याचं त्यांनी दाखवलं. टोळीचं जगणं, पिल्लांची राखण, खाण्याची वाटणी हे सगळं भारतीय माणसानं भारतीय रानात टिपलं. 2024 मध्ये ते गेले. कोळसुंदा हा खलनायक नव्हे, हे आज आपण म्हणू शकतो, ते पुष्कळसं त्यांच्या पायपिटीमुळे.

महाराष्ट्रात आज त्याची दोन मोठी घरं आहेत. एक विदर्भात: ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा. दुसरं सह्याद्रीत: चांदोली आणि कोयना मिळून 2010 मध्ये झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि तिथून दक्षिणेला चंदगड, दोडामार्ग, तिलारीमार्गे गोव्याच्या म्हादई अभयारण्यापर्यंत उतरलेली झाडी. सह्याद्रीत वाघ तुरळक असल्यानं सांबर, भेकर, रानडुकरावर वचक ठेवण्याचं काम बिबट्याच्या जोडीनं हाच करतो.

इथलं काम

इथेही चार कामं लागतात: अभ्यास, लस, रस्ता आणि माणसं.

विदर्भात भारतीय वन्यजीव संस्थेचे बिलाल हबीब आणि त्यांचे सहकारी कोळसुंद्यांचा अभ्यास करत आले आहेत. ताडोबात त्यांनी कोळसुंद्याच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा घातला, आणि टोळी कुठे फिरते, गावांच्या किती जवळून जाते, हे नकाशावर दिसू लागलं. दक्षिण सह्याद्रीत मुंबईच्या वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन ट्रस्टचे गिरीश पंजाबी कॅमेरा ट्रॅप लावून मांसभक्षक प्राण्यांची नोंद करतात. अशा नोंदी असल्या की संरक्षण मागायला आधार मिळतो. तिलारीचा 29 चौरस किलोमीटरहून थोडा मोठा पट्टा 2020 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाला. आकडा लहान आहे, पण जाण्या-येण्याची वाट उघडी राहायला असे लहान तुकडेच दुव्याचं काम करतात.

रस्त्याचं उत्तर पेंचजवळ पाहायला मिळतं. नागपूरकडून मध्य प्रदेशात जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 चं रुंदीकरण आलं तेव्हा निसर्गप्रेमी संस्थांनी हा प्रश्न न्यायालयात लावून धरला. शेवटी रस्ता उचलून त्याखालून जनावरांसाठी नऊ वाटा काढाव्या लागल्या. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ, चितळं यांच्याबरोबर रानकुत्रेही टिपले गेले. देणगीचे पैसे वकिलाच्या फीमध्ये आणि वर्षानुवर्षांच्या तारखांत गेले, असं कुणाला वाटेल. पण त्या पैशानं एकेका रात्री किती जीव वाचले, ते त्या वाटांवरच्या पाऊलखुणा सांगतात.

माणसांचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. कोळसुंद्यानं शेळी वा वासरू मारलं तर महाराष्ट्र शासन नुकसानभरपाई देतं, त्या यादीत रानकुत्रा आहे. पण पंचनामा वेळेत व्हावा लागतो, कागद पुरे व्हावे लागतात. रागावलेला धनी मेलेल्या जनावरावर विष टाकतो, आणि विषानं टोळीच्या टोळी एका रात्रीत संपते. धनगरवाड्यातल्या माणसाला अर्ज भरून देणं, दाखला मिळवून देणं, चांगला गोठा बांधायला हातभार लावणं, हे कागदी वाटणारं कामही वन्यजीव संवर्धनच आहे.

नंदाखालहून काय करता येईल

नंदाखालला कोळसुंदा नाही. आमच्याकडे वाड्या आहेत, केळी, पानवेली, फुलझाडं आहेत, जुनी बावखलं म्हणजे पाण्याची तळी आहेत. पूर्वेला महामार्गापलीकडे तुंगारेश्वरचे डोंगर, आणि त्यांत बिबट्या. 2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये बिबट्या थेट वसईच्या किल्ल्यात येऊन राहिला होता, आणि त्याला पकडायला वनखात्याला जवळजवळ महिना लागला. रान आणि गाव यांच्यातली रेघ आमच्याकडे किती पातळ आहे, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

ज्या गावातून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले, त्या गावाला हे नव्यानं सांगायला नको. बिल्डर आणि गुंडगिरीच्या काळात हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून त्यांनी लोकांना उभं केलं. विहिरीचं पाणी, वाडी आणि झाड यांच्यासाठी सामान्य माणसानं रस्त्यावर यायचं असतं, हे वसईनं त्यांच्याबरोबर शिकून घेतलं. धर्मसेवा आणि भूमिसेवा वेगळी नाही, असं मानणाऱ्या माणसाच्या गावात राहून मला वाटतं, की रानकुत्र्यासाठीचं काम हेही त्याच हिशेबात बसतं.

पहिलं काम आपल्या दाराशी आहे. पाळलेल्या कुत्र्याला वर्षाला रेबीजची लस द्यावी, आणि डिस्टेंपरसह इतर आजारांची एकत्रित लसही द्यावी. ती वेगळी असते, अनेक जण विसरतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीज लसीकरण ही 2023 च्या नियमांनुसार स्थानिक पालिकेची जबाबदारी आहे. ती पार पडते का, हे विचारावं, आणि त्या कामात हात द्यावा. नकोसा झालेला कुत्रा तुंगारेश्वरच्या पायथ्याशी वा कुठल्याही घाटात नेऊन सोडू नये. तो उपाशी मरतो नाहीतर बिबट्याचं भक्ष्य होतो, आणि त्याचा आजार रानात उरतो. सहलीला गेल्यावर रानाकडेला खरकटं टाकू नये, कारण खरकट्यापाशीच गावचा आणि रानचा कुत्रा भेटतो. रात्री घाटात गाडी सावकाश हाकावी.

दुसरं काम देण्याचं. द्यायचं असेल तर चौकशी करून द्यावं. संस्था नोंदणीकृत आहे का, तपासलेले हिशेब दाखवते का, पैसा कशावर खर्च झाला ते सांगते का, आणि मुख्य म्हणजे रानालगतच्या माणसांना सोबत घेते का, हे पाहावं. दरवर्षी नेमानं दिलेली थोडी रक्कम एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा अशा कामाला जास्त उपयोगी पडते. फासक्या रोज काढाव्या लागतात, लस दरवर्षी द्यावी लागते. पशुवैद्याचा पगार महिन्याच्या महिन्याला लागतो.

बोट्स्वानातल्या त्या मोजलेल्या शिंका मला इथे पुन्हा आठवतात. म्होरक्यानं मेळावा सुरू केला तर तीनेक शिंकांत टोळी उठते. मोठा उद्योजक, सरकार, न्यायालय यांचं तसंच आहे. त्यांच्या एका सहीनं महामार्गाखाली वाट निघते. आपण बहुतेक जण टोळीच्या खालच्या पायरीवरचे. आपल्याला दहा वेळा शिंकावं लागतं. एकानं आपल्या कुत्र्याला लस दिली, दुसऱ्यानं पालिकेला पत्र लिहिलं, तिसऱ्यानं वर्षाला पाचशे रुपये पाठवले, चौथ्यानं शाळेत मुलांना कोळसुंद्याची गोष्ट सांगितली. या रविवारी नंदाखालच्या चर्चबाहेर मिसा सुटल्यावर माणसं घोळक्यानं बोलत उभी राहतील, तेव्हा मी ही गोष्ट सांगणार आहे. शिंक आली की थबकण्याची आपली सवय जुनी आहे. या एका कामासाठी तरी ती मोडू.